स्कॅन झाले, आता कागद रद्दीत घालायचे का? कारखान्यातील इलेक्ट्रॉनिक अभिलेखांविषयी

आपल्या प्रश्नाचा मथितार्थ मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर ती इथेच उघड होईल. आपला वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना 1994 पासून चाकण परिसरात आहे आणि आज त्यात सुमारे दीडशे माणसे काम करतात. गेल्या वर्षी आपण रेकॉर्ड रूममधील सगळे कागद एका एजन्सीकडून स्कॅन करून घेतले, आणि आता जागेची अडचण असल्याने ते रद्दीत घालावेत असे संचालकांचे म्हणणे आहे. सर्व्हरवर अनेक वर्षांच्या फाइली साचल्या आहेत, हवी ती वेळेवर सापडत नाही, आणि आयटीचे लोक दर वर्षी आणखी डिस्क घ्या एवढेच सांगतात. बऱ्याच मंजुऱ्या व्हॉट्सॲपवर दिल्या जातात. उद्या एखादा वाद न्यायालयात गेला तर यातले काय टिकेल, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. शिवाय आपले खरेदी व्यवस्थापक या महिनाअखेरीस निवृत्त होत असल्याचे आपण जाता जाता लिहिले आहे. त्या वाक्याकडे मी शेवटी येणार आहे.

या क्षेत्रात मी सत्तावीस वर्षे आहे. सुरुवात कागदाच्या गठ्ठ्यांपासून झाली, त्यामुळे आधी कागदाबद्दलच बोलतो. आपल्याकडच्या सरकारी कार्यालयांत अभिलेखांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते: ‘अ’ कायमचा ठेवायचा, ‘ब’ तीस वर्षे, ‘क’ दहा किंवा पाच वर्षे, आणि ‘ड’ वर्षभरात नष्ट करायचा. टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे करण्याची पद्धतही त्याच शिस्तीतली. 1980 च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी असलेल्या अनिलकुमार लखीना यांनी कार्यालय आणि अभिलेख कक्ष यांची घडी नव्याने बसवली, ती राज्यात ‘लखीना पॅटर्न’ म्हणून ओळखली जाऊ लागली. या सगळ्या पद्धतींचा कणा एकच होता. एखाद्या कागदाचे पुढे काय करायचे, हे तो कागद हातात असतानाच ठरत असे आणि तसा शेरा त्याच्यावरच पडत असे. संगणक आल्यावर कागद गेला, त्याच्याबरोबर शेराही गेला, आणि त्या शेऱ्याच्या जागी दुसरे काही ठेवायला हवे हे बहुतेक संस्थांच्या लक्षातच आले नाही. आपल्या चारही अडचणींचे मूळ माझ्या मते इथे आहे.

कागद स्वतःबरोबर बरेच काही वागवत असतो. आवक क्रमांक, तारखेचा शिक्का, समासातला शेरा, कोणत्या पत्राला तो टाचला आहे, कोणत्या नस्तीत कोणत्या पानावर आहे, या सगळ्या गोष्टी त्या कागदापासून सहजासहजी सुटत नाहीत. संगणकातली फाइल मात्र एका फोल्डरमधून दुसऱ्यात, तिथून पेनड्राइव्हवर आणि तिथून कोणाच्या तरी लॅपटॉपवर जाते, आणि प्रत्येक प्रवासात थोडेथोडे काही मागे ठेवून जाते. साधी कॉपी केली तरी अनेकदा तिची ‘तयार केल्याची तारीख’ आजची होते. म्हणून फाइल आणि अभिलेख यांत मी फरक करतो. डिझाइन विभागातल्या संगणकावरचे एखादे ड्रॉइंग ही नुसती फाइल आहे. ग्राहकाने त्याची तिसरी सुधारित आवृत्ती मेलने मंजूर केली आणि त्यावर उत्पादन सुरू झाले, की ते ड्रॉइंग, ती मेल, तिची तारीख आणि ती पाठवणारा यांचा मिळून एक अभिलेख होतो, आणि यातला एक दुवा निसटला तर उरलेल्यांची किंमत झपाट्याने घसरते. अभिलेख व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ 15489, पहिल्यांदा 2001 मध्ये आले आणि 2016 मध्ये सुधारले गेले. ते अभिलेखाकडून चार गुणांची अपेक्षा करते: तो अस्सल असावा, विश्वासार्ह असावा, अखंड म्हणजे कोणी न बदललेला असावा, आणि वापरता येण्याजोगा असावा. आपल्या सर्व्हरवर फाइली भरपूर असतील, पण या चार कसोट्यांवर त्यातल्या किती उतरतात हा प्रश्न विचारून पाहावा.

ड्रॉइंगचे उदाहरण मी उगाच घेतलेले नाही. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात मला बोलावले होते. एका भागाच्या भोकाचा व्यास चुकला म्हणून ग्राहकाने मोठा माल परत केला होता, आणि कारखान्याचे म्हणणे असे की तो व्यास ग्राहकानेच बदलायला सांगितला होता. फोल्डरमध्ये त्या भागाची सहा ड्रॉइंगे निघाली. त्यांची नावे ‘फायनल’, ‘फायनल 2’, ‘फायनल करेक्टेड’, ‘हेच वापरा’ अशी होती, आणि सहाही फाइलींवर तारीख एकच होती, कारण दोन वर्षांपूर्वी सर्व्हर बदलताना सगळे एकदमच नवीन जागी हलवले गेले होते. मंजुरीची मेल ज्या अभियंत्याला आली होती तो नोकरी सोडून गेला होता, आणि त्याचे मेल खाते आयटी विभागाने नेहमीच्या पद्धतीने महिन्याभरात बंद करून पुसले होते. शेवटी गुणवत्ता तपासणीच्या टेबलाच्या खणात त्या मेलची छापील प्रत सापडली, तेलाचे डाग पडलेली. तिच्यावर बोलणी झाली आणि वाद कसाबसा मिटला. त्या कारखान्याचा बॅकअप रोज होत होता आणि गुणवत्ता व्यवस्थापनाचे आयएसओ 9001 हे प्रमाणपत्र स्वागतकक्षात लावलेले होते, हेही सांगितले पाहिजे.

आता आपला पहिला प्रश्न. स्कॅन केलेले सगळे कागद सरसकट रद्दीत घालू नयेत, आणि सरसकट ठेवूही नयेत. स्कॅन ही मूळ कागदाची प्रत असते. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 याने इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला मान्यता दिली म्हणून शाईच्या सहीचा करार स्कॅन करताच मूळ करार ठरत नाही. ज्या कागदाचे मोल त्या कागदातच आहे, म्हणजे एमआयडीसीच्या भूखंडाचा 95 वर्षांचा भाडेपट्टा, मुद्रांकावरचे करारनामे, नोंदणीकृत दस्त, बँक हमीपत्रे, कुलमुखत्यारपत्रे, यांना कितीही सुंदर स्कॅन झाले तरी हात लावू नये. मृत्युपत्र आणि न्यासपत्र यांना तर तो कायदा आजही लागू होत नाही. याउलट दहा वर्षांपूर्वीची गेटपासची पुस्तके, कॅन्टीनची कुपने आणि कुरिअरच्या पावत्या स्कॅन करण्यातच पैसे वाया गेले असतील. मधल्या मोठ्या ढिगाचा निर्णय, तो कागद कोणत्या कायद्याखाली किती वर्षे ठेवायचा आहे आणि त्यावर एखादा वाद किंवा करआकारणी प्रलंबित आहे का, हे पाहूनच घ्यावा लागेल.

त्याआधी स्कॅन तपासून घ्या. एजन्सीला पानांच्या संख्येवर पैसे मिळतात, त्यामुळे मागच्या बाजूचे शेरे सुटतात, टाचणी लावलेले चिटोरे उडून जातात, पातळ कागदावरच्या कार्बन प्रती पांढऱ्याफटक येतात, आणि काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये फिकट निळ्या शाईची सही नाहीशी होते. 300 डीपीआयपेक्षा (इंचाला 300 ठिपके) कमी दर्जाचे स्कॅन मी स्वीकारत नाही, आणि सही-शिक्क्याचे कागद रंगीत स्कॅन करायला लावतो. 2013 मध्ये जर्मनीतील एका संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले होते की, काही स्कॅनर फाइल लहान करण्याच्या नादात एका आकड्याच्या जागी त्याच्यासारखा दिसणारा दुसरा आकडा बसवत होते आणि 6 चा 8 होत होता. पान स्वच्छ दिसते, आकडा स्पष्ट दिसतो, फक्त तो चुकीचा असतो. मोजमापांचे आणि पगाराचे कागद असतील तर शंभरातली निदान पाच पाने मूळ कागद शेजारी ठेवून एका माणसाने वाचावीत. हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच कोणी करत नाही.

किती वर्षे ठेवायचे, याचे काही आकडे ठाम आहेत. कंपनी कायदा, 2013 नुसार हिशेबाची पुस्तके आणि त्यांची व्हाउचर मागच्या आठ आर्थिक वर्षांची हवीत. जीएसटीचे अभिलेख त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने ठेवायचे, आणि अपील किंवा चौकशी चालू असेल तर तिचा निकाल लागल्यानंतर आणखी एक वर्ष, यांपैकी जे उशिराचे असेल तोपर्यंत. सभांची इतिवृत्ते कायमची. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद आपोआप राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये असा नियम आहे. आपल्या ऑडिटरने तो विषय काढलाच असेल. पण कायद्याची मुदत ही किमान मुदत असते, आणि ती संपली की फाइल निरुपयोगी झाली असे समजणे धोक्याचे आहे, हे 2022 नंतर महाराष्ट्रातल्या कित्येक कारखान्यांना कळले.

कर्मचारी पेन्शन योजना 16 नोव्हेंबर 1995 पासून सुरू झाली. वाढीव पेन्शनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2022 रोजी निकाल दिला, आणि त्यानंतर भविष्य निर्वाह निधी संघटनेने कर्मचाऱ्यांच्या अर्जांबरोबर मालकांकडून जुन्या वेतनाचा तपशील मागवला. तो देण्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवून 31 जानेवारी 2025 पर्यंत न्यावी लागली. त्या काळात मी एका कारखान्यात बसून हे काम केले. 1996 ते 2004 या वर्षांचे पगार फॉक्सप्रो या जुन्या संगणक प्रणालीत केले जात. त्या फाइली एका जुन्या संगणकाच्या हार्डडिस्कवर शाबूत होत्या आणि आजच्या संगणकावर उघडल्याही. पण आत रकान्यांची नावे ‘डी1’, ‘डी2’, ‘ई3’ अशी दोन अक्षरी होती, आणि त्यांचा अर्थ ज्या माणसाला माहीत होता तो हे जग सोडून गेला होता. मूळ वेतन कोणते, महागाई भत्ता कोणता आणि सोसायटीची कपात कोणती, हे कळायला मार्ग नव्हता. अखेर पॅकिंग विभागातल्या एका निवृत्त कामगाराने घरच्या ट्रंकेत प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेल्या 1998 च्या पगाराच्या चिठ्ठ्या आणून दिल्या. त्यातले आकडे फाइलीतल्या त्याच महिन्याच्या आकड्यांशी ताडून आम्ही एकेका रकान्याचे नाव लावले. विदा, म्हणजे साठवलेली माहिती, सगळी जिवंत होती, पण ती वाचण्याची किल्ली त्या कामगाराच्या ट्रंकेत होती. तेव्हापासून मी कुठेही गेलो तरी आधी विचारतो, की या फाइलीतल्या रकान्यांचा अर्थ लिहिलेला कागद कुठे आहे. आपला कारखाना 1994 चा आहे, म्हणजे आपल्याकडेही असे काही असणारच. ते चालवणारा माणूस अजून कामावर असेल तर त्याच्याकडून याच आठवड्यात दोन पाने लिहून घ्या, आणि वेतनाचे अभिलेख कायम ठेवण्याच्या वर्गात टाका.

मराठी संस्थांचे एक खास दुखणे आहे, ते म्हणजे जुने फॉन्ट. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरे सारखीच दिसण्याची पद्धत, रुळण्याआधी आपण शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत टंकलेखन करत होतो. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी अक्षरांचे तुकडे, म्हणजे काना, वेलांट्या, अर्धा म, रफार, बसवलेले असत. तो फॉन्ट संगणकावर नसला की 2001 सालचा ठराव म्हणजे रोमन अक्षरांचा उकिरडा दिसतो. रूपांतर करणारी साधने मिळतात, पण ती ओळीत मध्येच आलेला इंग्रजी अक्षरांतला पार्ट नंबरही मराठी समजून त्याचे विचित्र जोडाक्षर करून ठेवतात, आणि ‘दुसऱ्या’, ‘कामगाऱ्यांच्या’ असल्या शब्दांतील आडवा रफार बहुधा चुकवतात. (दुसरे रूप मी बनवलेले नाही, एका रूपांतरित इतिवृत्तात मूळच्या ‘कामगारांच्या’ या शब्दाचे तसे झालेले पाहिले आहे.) म्हणून नियम असा ठेवावा की मूळ फाइल जशीच्या तशी जपायची, फॉन्ट आतच बसवलेली पीडीएफ/ए तयार करून तीही ठेवायची, आणि शोधासाठी युनिकोड प्रत वेगळी करायची. पीडीएफ/ए हे दीर्घकाळ जतनासाठी 2005 मध्ये ठरलेले पीडीएफचे रूप आहे. त्यात दिसण्यासाठी लागणारे सगळे फाइलीच्या आतच असावे लागते. मात्र जुन्या फॉन्टमधून केलेली पीडीएफ डोळ्यांना नीट दिसली तरी तिच्यात ‘ठराव’ हा शब्द शोधल्यास सापडत नाही, हे ध्यानात असू द्या.

सर्व्हरच्या प्रश्नावर मी आपल्या आयटी विभागाशी असहमत आहे. डिस्क स्वस्त आहे हे खरे, पण शोधणाऱ्या माणसाचा दिवस स्वस्त नाही. बॅकअप आणि अभिलेखागार या दोन गोष्टी सर्रास एकच समजल्या जातात. बॅकअप कालच्या स्थितीत परत जाण्यासाठी असतो. तो चुकीची फाइलही इमानेइतबारे जपतो, आणि तीस किंवा नव्वद दिवसांनी जुने पुसून नवे लिहितो. चार वर्षांपूर्वीची मंजुरी त्यात सापडेल ही आशा व्यर्थ आहे. तो आवश्यकच आहे, आणि त्याची एक प्रत संगणकांच्या जाळ्यापासून (नेटवर्कपासून) पूर्ण तोडून, शक्यतो दुसऱ्या इमारतीत असावी, कारण खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या बॅकअपलाही सोडत नाही. 21 जून 2012 रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत कागदांच्या फाइली किती सहज जातात हे आपण सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिले. सर्व्हर रूमला आग वेगळी वागणूक देत नाही. आणि ज्या बॅकअपमधून गेल्या सहा महिन्यांत एकही फाइल परत काढून पाहिलेली नाही, तो आहे असे मी धरत नाही. आयटीच्या लोकांना आणखी एक विचारा: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार संगणक यंत्रणांचे लॉग, म्हणजे त्यांच्या कामकाजाच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, 180 दिवस जपायचे असतात, ते आपण जपता का?

फोल्डरांची रचना विभागांच्या किंवा माणसांच्या नावाने करू नका, कामाच्या नावाने करा. विभागांची नावे बदलतात, माणसे जातात, पण ‘खरेदी, पुरवठादार निवड, दरपत्रके’ हे काम राहते. फाइलीच्या नावात आधी तारीख, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, मग भाग क्रमांक किंवा पक्षाचे नाव, मग आवृत्तीचा आकडा. ‘फायनल’ या शब्दावर मी बंदीच घालतो. जुना ढिगारा आवरत बसू नका. एक तारीख ठरवा, त्या तारखेपासूनचे सगळे नव्या रचनेत जाईल असे जाहीर करा, आणि जुना सर्व्हर फक्त वाचण्यापुरता खुला ठेवा. त्यातले लोकांना खरोखर लागते ते पहिल्या वर्षभरात आपोआप नव्या जागी येते.

न्यायालयात काय टिकेल, या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर आपल्याच राज्यातल्या जालन्यातून आलेले आहे. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले आणि पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी त्या निवडणुकीला आव्हान दिले. खोतकरांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत उलटल्यानंतर स्वीकारले गेले, असा आक्षेप होता, आणि पुरावा होता निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रण. चित्रणाच्या सीडी मिळाल्या, पण त्या कोणत्या यंत्रावरून कशा तयार झाल्या याचे प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. उच्च न्यायालयाने 2017 मध्ये अधिकाऱ्याची साक्ष पुरेशी मानून निवडणूक रद्द केली. त्याविरुद्धचे खोतकरांचे अपील सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी फेटाळले, पण नियम पक्का केला: मूळ यंत्र न्यायालयात हजर करून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर गोष्ट वेगळी, एरवी इलेक्ट्रॉनिक अभिलेखाच्या प्रतीबरोबर प्रमाणपत्र अनिवार्य आहे, आणि ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तो ते देत नसेल तर न्यायालयामार्फत मागवता येते.

तेव्हा या प्रमाणपत्राला भारतीय पुरावा कायद्याचे 65-ब कलम लागू होते. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियम, 2023 आला आणि त्याचे 63 वे कलम त्या जागी आहे. आता प्रमाणपत्राचा नमुनाच परिशिष्टात दिला आहे. त्याचा एक भाग अभिलेख सादर करणाऱ्याने आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि त्यात यंत्राच्या तपशिलाबरोबर फाइलीचे हॅश मूल्यही लिहायचे असते. हॅश म्हणजे फाइलीच्या बोटाचा ठसा समजा. एसएचए-256 पद्धतीने कोणत्याही फाइलीचा चौसष्ट अक्षरांचा ठसा निघतो, आणि फाइलीत एक स्वल्पविराम जरी हलला तरी तो पूर्ण बदलतो. महत्त्वाचा अभिलेख बंद करताना त्याच दिवशी हा ठसा काढून एका नोंदवहीत लिहून ठेवला, तर सात वर्षांनी ‘ही फाइल तीच आहे’ हे सांगायला आपल्याकडे काही असते. वाद निर्माण झाल्यावर काढलेल्या ठशाने त्यापूर्वी काय झाले ते कळत नाही. नमुन्यात एमडी5 आणि एसएचए-1 यांचेही पर्याय आहेत, पण त्या दोन्ही पद्धती आता कमकुवत ठरल्या आहेत. आपण एसएचए-256 च वापरा.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या सातव्या कलमातील अटीही याच अंगाने जातात: अभिलेख पुढे वापरता येईल असा उपलब्ध हवा, मूळ स्वरूपात किंवा मूळ मजकूर अचूक दाखवणाऱ्या स्वरूपात हवा, आणि तो कोठून आला, कोणाला गेला, कधी गेला हा तपशील त्याच्याबरोबर हवा. यामुळेच मेल छापून ती नस्तीत लावणे पुरेसे होत नाही. मेल तिच्या मूळ फाइलीच्या रूपात, जोडपत्रांसह जतन करावी. डिजिटल सहीच्या पीडीएफचेही तसेच आहे. ती छापली की कागदावर सहीचे चित्र उरते, सही उरत नाही, कारण तिची पडताळणी फाइलीतच होऊ शकते. सही करणाऱ्याच्या प्रमाणपत्राची मुदतही दोन-तीन वर्षांत संपते, म्हणून अशी पीडीएफ आली त्याच दिवशी तिची सही तपासून, तपासल्याची नोंद ठेवावी.

व्हॉट्सॲपबद्दल मी सोवळेपणा सांगत नाही. साक्ष अधिनियमाने संदेशांनाही दस्तऐवजात धरले आहे आणि रात्री अकरा वाजता ट्रक गेटवर उभा असताना कोणी मेल लिहीत बसणार नाही. अडचण वेगळीच आहे. तो अभिलेख कंपनीच्या ताब्यात नसतो, कर्मचाऱ्याच्या खासगी फोनमध्ये असतो, आणि फोन बदलला, हरवला किंवा संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असली की तो जातो. मी जिथे काम करतो तिथे साधा नियम लावतो: पैसा, मोजमाप किंवा मुदत बदलणारी कोणतीही मंजुरी व्हॉट्सॲपवर झाली, तर ती घेणाऱ्याने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिचा उल्लेख करून अधिकृत मेल पाठवायची. दोन ओळी पुरतात. पहिले दोन महिने कुरकुर होते, मग एकदा त्या मेलमुळे कोणाची तरी मान वाचते आणि कुरकुर थांबते.

नष्ट करणे हाही व्यवस्थापनाचाच भाग आहे. वैयक्तिक माहितीच्या बाबतीत तर 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे तत्त्वच असे आहे की हेतू संपला आणि दुसरा कोणता कायदा ठेवा म्हणत नसेल, तर माहिती पुसावी. नोकरी न मिळालेल्या उमेदवारांचे आधार आणि बँकेचे तपशील दहा वर्षे सर्व्हरवर पडून राहण्याचे काही कारण नाही. पण नष्ट करण्याची यादी आधी व्हावी, तिच्यावर विभागप्रमुख आणि कंपनी सचिव यांच्या सह्या व्हाव्यात, आणि ती यादी मात्र कायम ठेवावी. एखादी नोटीस आली, किंवा येणार असा वास जरी आला, तर त्या विषयाच्या अभिलेखांवर लगेच ‘थांबा’ असा लेखी आदेश काढावा. मुदत संपलेली असली तरी नोटिशीनंतर नष्ट केलेली फाइल संशयाचे कारण ठरते.

दस्तऐवज व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर घ्यावे का, असे आपण विचारलेले नाही, पण संचालक विचारतील. वर्गवारी आणि मुदतीचे कोष्टक तयार होईपर्यंत घेऊ नका. विक्रेत्याला त्यानंतर एकच विचारा, की तीन वर्षांनी आम्ही तुम्हाला सोडले तर आमच्या फाइली त्यांच्या सगळ्या नोंदींसह कोणत्या स्वरूपात परत द्याल. त्याचे उत्तर करारात लिहून घ्या.

आता खरेदी व्यवस्थापकांकडे येतो. महिनाअखेरीला दिवस थोडे आहेत, म्हणून वरचे सगळे बाजूला ठेवून आधी हे करा. त्यांचे मेल खाते निवृत्तीच्या दिवशी बंद झाले तरी पुसू नये, असे आयटीला आजच लेखी कळवा, आणि पूर्ण खात्याची प्रत काढून तिचा हॅश नोंदवून ठेवा. त्यांच्यासोबत दोन दुपारी बसा. चालू असलेल्या प्रत्येक पुरवठादाराचा शेवटचा ठरलेला दर कुठे लिहिलेला आहे, हे त्यांना संगणकावर उघडून दाखवायला सांगा, आणि जो दर फक्त त्यांच्या तोंडी किंवा फोनवर आहे, त्याची पुष्टी करणारी मेल त्या पुरवठादाराला त्यांच्याच हातून जाऊ द्या. कामाच्या व्हॉट्सॲप गटांतील आणि पुरवठादारांशी झालेले संवाद जोडपत्रांसह बाहेर काढून घ्या. हे त्यांच्या संमतीने आणि त्यांच्यासमोरच करा, खासगी काही येणार नाही याची काळजी घेऊन. त्यांच्या टेबलाचा खणही एकदा एकत्र उघडून पाहा.